पांढरं हाड : कोपरखैरण्यातल्या एका नडगीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईतल्या एका ट्रस्ट रुग्णालयातलं. मी तिथे वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे ‘दादा’ म्हटलंय, कारण वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या आजोबांपासून सफाईच्या मावशींपर्यंत सगळे त्यांना तेच म्हणायचे.

दादा ३४ वर्षांचे. मूळ गाव पाटण तालुक्यात. वडील, म्हणजे अण्णा, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी कामगार होते, आता घरीच असतात. घर कोपरखैरण्यात: खाली एक खोली, वर एक, मध्ये शिडीसारखा उभा लोखंडी जिना. वहिनी एका मेसला पोळ्या करून देतात. दोन मुलं शाळेत. दादा रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कारखान्यात मशीन चालवायचे, पण नेमणूक कंत्राटदाराची. पुढे या गोष्टीने बराच ताप दिला.

जुलैतली पावसाची रात्र. सेकंड शिफ्ट संपवून बाईकवरून घरी येताना ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पोने कट मारला आणि डावा पाय बाईकखाली आला. नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं, जखमेत रस्त्याचं पाणी नि माती. मागून येणाऱ्या पोरांनी रिक्षात घालून जवळच्या खासगी नर्सिंग होममध्ये नेलं. त्याच रात्री जखम धुतली, हाडाच्या पोकळीत रॉड टाकला, कातडी ओढून टाके घातले. खिशात ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड होतं, पण ते कुणी मागितलं नाही आणि दादांनाही आठवलं नाही. बिलासाठी वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या.

समस्या

तिसऱ्या आठवड्यात टाक्यांची कड काळी पडली. मग तिथून पाणी यायला लागलं, पुढे पू. गल्लीतल्या दवाखान्यात दिवसाआड ड्रेसिंग सुरू झालं, गोळ्या बदलत राहिल्या. गोळ्या चालू असल्या की पू कमी व्हायचा, बंद झाल्या की परत. गणपती गेले, दिवाळी गेली. नोव्हेंबर अखेरीस दादा आमच्या अस्थिरोग ओपीडीत आले तेव्हा नडगीवर मसुराएवढं भोक होतं. कडेने दाबलं की त्यातून पिवळट थेंब यायचा.

सोबत एक्स-रेंची पिशवी होती. जुलैपासूनची प्रत्येक फिल्म वहिनींनी तारीख घालून ठेवली होती, आणि त्याचा पुढे मोठा उपयोग झाला. डॉक्टरांनी त्या ओळीने लाइट बॉक्सवर लावल्या. पहिल्या फिल्मवर सगळं हाड एकाच रंगाचं. पुढच्या प्रत्येक महिन्यात वरचं-खालचं हाड करडं, फिकट होत गेलेलं, आणि मधला एक तुकडा मात्र ठसठशीत पांढरा.

अण्णा म्हणाले, “पांढरं हाय म्हंजी पक्कं झालंय की ते. तिथल्या डाक्टरनी पण तसंच सांगितलं हुतं.”

गैरसमज नेमका इथेच होता, आणि तो फक्त अण्णांचा नव्हता. पाय वापरात नसला की जिवंत हाडातलं कॅल्शियम रक्तावाटे निघून जातं, म्हणून ते फिल्मवर फिकट दिसतं. ज्या तुकड्याला रक्तच पोचत नाही, त्यातलं कॅल्शियम बाहेर कसं जाणार? तो अपघाताच्या दिवशी होता तसाच राहतो आणि शेजारच्या फिकट हाडापुढे उठून दिसतो. पाच महिन्यांत त्या तुकड्याच्या कडेला नवीन हाडाचा ढगाळ थर कुठेही धरला नव्हता. तुकडा मेलेला होता, रॉडच्या आधाराने नुसता उभा होता.

नडगीच्या बाबतीत असं का होतं हेही डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. नडगीचा पुढचा-आतला भाग थेट कातडीखाली असतो, मध्ये स्नायू नाही. बोटाने चाचपून बघा, लगेच कळेल. हाडाला आतून रक्त देणारी मुख्य धमनी वरच्या तिसऱ्या भागात मागच्या बाजूने शिरते आणि पोकळीतून खाली उतरते. हाडाच्या भिंतीचा आतला बराचसा भाग तिच्यावर जगतो, बाहेरचा थर हाडावरच्या पातळ आवरणावर. हाड मोडलं की आतला रस्ता तुटतो. जोराच्या अपघातात आवरणही सोलवटलं तर बाहेरचाही जातो. रॉडसाठी पोकळी कोरताना उरलासुरला आतला पुरवठाही काही आठवडे कमी होतो. आवरण शाबूत असेल तर हाड तेवढं सोसतं. इथे ते शाबूत नव्हतं.

आणि गोळ्या का लागू पडत नव्हत्या? औषध जातं रक्तातून. मेलेल्या तुकड्यावर आणि रॉडवर जंतू चिकट थर करून बसलेले, आणि तिथवर रक्तच जात नाही. भारीतली भारी गोळीही त्या तुकड्याच्या दारापर्यंतच पोचणार.

पर्याय

आमच्या डॉक्टरांनी चार रस्ते मांडले.

पहिला: आहे तसं ठेवायचं. रॉड राहू द्यायचा, पू वाढला की औषध. ऑपरेशन नको असलेल्या वयस्कर रुग्णांत कधी कधी असं करतात. ३४ वर्षांच्या, उभं राहून काम करणाऱ्या माणसाला हे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण हाड जुळलंच नाही तर रॉडही एक दिवस थकून तुटतो.

दुसरा: रॉड आणि मेलेलं हाड काढायचं, मोकळ्या जागेत औषध मिसळलेला सिमेंटचा ठोकळा ठेवायचा. सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती शरीर एक पातळ पडदा तयार करतं. मग ठोकळा काढून त्या पडद्याच्या पिशवीत कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा. फ्रान्सच्या मास्केले यांची ही पद्धत. दादांच्या बाबतीत अडचणी दोन होत्या. पोकळी मोठी होणार, म्हणजे कमरेतून पुष्कळ हाड घ्यावं लागणार. शिवाय जखमेवरची कातडी खराब, म्हणजे प्लास्टिक सर्जरीने मांसाचा तुकडा फिरवून झाकणंही आलं.

तिसरा: रिंग. मेलेलं हाड काढायचं, पायाभोवती लोखंडी कडी तारांनी बसवायची, गुडघ्याखालच्या चांगल्या हाडात काप घ्यायचा आणि सुटा झालेला तुकडा रोज १ मिलिमीटर खाली सरकवायचा. मागे जी फट पडते तिथे नवीन हाड धरत जातं. सोबत कातडी आणि मांसही हळूहळू ओढलं जातं, त्यामुळे बऱ्याचदा वेगळी प्लास्टिक सर्जरी टळते. सायबेरियातल्या कुर्गानला इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत उभी केली. पश्चिमेकडे तिची खरी ओळख झाली ती कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकामुळे. नडगीच्याच जुन्या, न भरणाऱ्या दुखण्याला कंटाळून ते १९८० मध्ये तिथे गेले आणि बरे होऊन परतले. डॉक्टरांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा दादा पहिल्यांदा मान वर करून ऐकत होते. तोटा सरळ होता: जवळपास वर्षभर पायात लोखंड, तारांच्या तोंडाशी वरचेवर जंतुसंसर्ग, आणि दुखणं.

चौथा: गुडघ्याखाली पाय काढणे. एक ऑपरेशन, काही महिन्यांत कृत्रिम पाय, लवकर कामावर.

चौथ्या पर्यायाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडे तो धमकी दिल्यासारखा उच्चारला जातो. आधीच्या ठिकाणी दादांना कुणीतरी म्हणालं होतं, “गोळ्या नीट खा, नाहीतर पाय कापावा लागेल.” त्यानंतर हा शब्द घरात कुणी काढायला तयार नव्हतं. आमच्याकडे डॉक्टर तो मांडायला लागले तर अण्णा उठून बाहेर गेले. खरं तर काही रुग्णांसाठी तोच शहाणपणाचा रस्ता असतो. वर्षभराची मजुरी, तीन-चार ऑपरेशनं, घरच्यांचे हाल यांचा हिशेब मांडला तर पाय वाचवणं दर वेळी स्वस्त पडत नाही.

निर्णय

डॉक्टरांनी दोन गोष्टी तपासून ठेवल्या होत्या. तळव्याला स्पर्श कळत होता आणि घोट्यामागची नाडी हाताला लागत होती. पाऊल जिवंत होतं, मेला होता तो मधला तुकडा. त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या पाय वाचवण्यासारखा होता. वाचवायचा की नाही हे दादांनी ठरवायचं होतं.

मी दोन जुन्या रुग्णांना बोलावून घेतलं. एक सुरक्षारक्षक, गुडघ्याखाली कृत्रिम पाय. दुसरे रिक्षाचालक, दोन वर्षांपूर्वी रिंग काढलेली. वहिनी आणि अण्णाही बसले. सुरक्षारक्षकाने पॅन्ट वर करून पाय काढून दाखवला, पुन्हा घातला आणि व्हरांड्यात चालून आले. म्हणाले, “चार महिन्यांत ड्युटीवर. पण पावसाळ्यात खोबणीत घाम धरतो, सोलतं. आणि भारतीय संडास विसरायचा.” रिक्षाचालक त्यांच्या उलट, कमी बोलणारे. “मी तीनदा डॉक्टरला म्हणालो होतो, काढा हे लोखंड आणि पायही काढा. बायकोने ऐकलं नाही.”

वहिनींचे प्रश्न सगळ्यांत कामाचे होते. रिंग असताना झोपायचं कसं? उशी कुठे? आंघोळ? बिघडलं तर कुणाला फोन करायचा? पगार किती दिवस नसेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा अर्धंच होतं.

दादांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी रिंगला हो म्हणाले. पण एक अट डॉक्टरांनी घातली: तंबाखू पूर्ण बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि नवीन हाड धरणं हा सगळा खेळच बारीक रक्तवाहिन्यांचा. दादांचा चुना-तंबाखू शाळेपासूनचा. या अटीवर त्यांनी पायाच्या ऑपरेशनपेक्षा जास्त घासाघीस केली.

प्रत्यक्ष उपचार

ऑपरेशनआधी दोन आठवडे सगळ्या अँटिबायोटिक गोळ्या थांबवल्या. पू वाढला, घरचे घाबरले, पण त्याशिवाय खरा जंतू सापडत नाही. भोकाच्या तोंडावरचा स्वॅब बहुतेक वेळा कातडीवरचेच जंतू दाखवतो. म्हणून ऑपरेशनमध्ये खोलवरून हाडाचे नि मांसाचे पाच वेगवेगळे नमुने घेतले. स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला आणि त्याला लागू पडणारं औषध सहा आठवडे दिलं.

डिसेंबरात रॉड निघाला. एक्स-रेवर मेलेला तुकडा ५ सेंटीमीटर वाटत होता. प्रत्यक्षात तासत जावं लागलं ते कापलेल्या कडेवर रक्ताचे बारीक ठिपके उमटेपर्यंत, आणि ते दिसेतो ७ सेंटीमीटर हाड गेलं होतं. काढलेला तुकडा डॉक्टरांनी अण्णांना दाखवला. हस्तिदंतासारखा गुळगुळीत, एका कडेला पोखरलेला, रक्ताचा डाग नाही. अण्णांनी तो बराच वेळ पाहिला. नंतर त्यांनी पांढऱ्या हाडाचा विषय काढला नाही.

त्याच वेळी रिंग बसवून पाय स्थिर केला. संसर्ग शमल्यावर जानेवारीत वरच्या हाडात काप घेतला. आठवडाभर काहीच हलवायचं नसतं. मग सरकवणं सुरू: दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी रिंगवरचे नट पाव फेरा फिरवायचे, म्हणजे ०.२५ मिलिमीटर. सहा, बारा, सहा, बारा. नट कुठून सुरू झाला हे कळावं म्हणून वहिनींनी प्रत्येक नटाच्या एका कडेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात चार रेघा. ओपीडीत येताना त्या महिन्याचं पान फाडून आणायच्या. आमच्या छापील तक्त्यापेक्षा ते पान डॉक्टरांना जास्त विश्वासाचं वाटायचं.

घरात सगळं खाली आलं. उभ्या जिन्यावरून रिंग नेणं शक्य नव्हतं, म्हणून मुलं वर झोपायला गेली आणि दादांची खाट खालच्या खोलीत ओट्यासमोर आली. पोळ्यांचा परात-पोळपाट खाटेच्या पायथ्याशी. शिंप्याकडून अर्ध्या पॅन्टची डावी शिवण उसवून वेलक्रो लावून घेतलं. खुर्चीला भोक पाडून अण्णांनी कमोड केला.

फेब्रुवारीत दादा ढासळले. तारा कातडी कापत पुढे जातात तेव्हा दुखतं, रात्री जास्त. त्यातच एका तारेच्या तोंडाशी पू झाला, ताप आला. एक दिवस वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, उशीच्या अभ्र्यात पुडी सापडली.” मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी रागावण्याऐवजी त्या महिन्याचा एक्स-रे लावला आणि नवीन हाडाचा ढग मागच्यापेक्षा किती विरळ आहे ते बोटाने दाखवलं. सरकवण्याचा वेग काही दिवस निम्मा केला. पुडी परत आली नाही असं वहिनी म्हणतात. मी त्यावर विश्वास ठेवला.

एप्रिलमध्ये सरकणारा तुकडा खालच्या हाडाला टेकला. टेकलेल्या जागी बऱ्याचदा हाड आपसूक जुळत नाही. इथेही जुळेना, म्हणून कमरेतून थोडं हाड घेऊन तिथे भरलं. पुढचे महिने नुसतं थांबायचं होतं, आणि वजन टाकत चालायचं होतं. नवीन हाडाला वजन पडल्याशिवाय पक्केपणा येत नाही, हे पटवायला आमच्या फिजिओथेरपिस्टना सगळ्यात जास्त कष्ट पडले. वहिनी दादांना उठू देत नव्हत्या.

पैशाची बाजू

हा भाग कागदोपत्री असला तरी माझ्या मते उपचार टिकला तो यामुळे.

पगार २१ हजारांच्या आत असल्याने दादा ईएसआयसीत होते, कपातही नियमित होती. आमचं रुग्णालय संलग्न असल्याने संदर्भपत्रावर ऑपरेशनं झाली. प्रश्न होता बुडालेल्या मजुरीचा. साध्या आजारपणाचा भत्ता मजुरीच्या ७० टक्के, तोही वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कामावरची इजा मानली तर ९० टक्के, आणि तात्पुरतं अपंगत्व असेपर्यंत. कंत्राटदार म्हणाला, “अपघात रस्त्यावर झाला, कंपनीत नाही. मी रिपोर्ट देणार नाही.”

पण ईएसआय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने कलम ५१ ई आलं. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि कामाशी संबंध जुळत असेल तर, कामावरचाच धरतात. शिफ्ट सुटल्याची नोंद, पोलिसांचा पंचनामा आणि कारखाना ते घर हा नेहमीचाच रस्ता, एवढं जोडून शाखा कार्यालयात अर्ज केला. मंजुरीला महिने लागले, मात्र थकलेल्या रकमेसह पैसे आले. तोवर पोळ्यांवर घर चाललं.

दुसरा प्रश्न मुदतीचा होता, आणि ती जवळ आली होती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अपघात नुकसानभरपाईच्या दाव्याला ६ महिन्यांची मुदत घातली आहे. दादा आमच्याकडे आले तेव्हा पाच महिने होत आले होते. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांमार्फत ठाण्याच्या न्यायाधिकरणात डिसेंबरातच दावा लागला. तो अजून चालू आहे.

परिणाम

नोव्हेंबरमध्ये, म्हणजे काप घेतल्यापासून साधारण दहा महिन्यांनी, रिंग निघाली. पुढे काही आठवडे प्लास्टिकचा आधार. हाड जुळलं आहे, पू परत आलेला नाही. पाय दीड सेंटीमीटर आखूड झाला, चपलेखाली टाच वाढवून घेतली. घोटा पूर्वीसारखा वाकत नाही, उकिडवं बसता येत नाही. मशीनपुढे आठ तास उभं राहणं जमत नाही म्हणून कंत्राटदाराने घेतलं नाही. महापेतल्या एका युनिटमध्ये स्टोअर सांभाळायचं काम मिळालंय, पगार आधीपेक्षा कमी. पाटल्या अजून सुटायच्या आहेत.

दादांना विचारलं, पुन्हा तेच निवडाल का? ते म्हणाले, “फेब्रुवारीत विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो.”

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्रीचं मी इथे बसून ठरवू शकत नाही. मातीने भरलेली जखम, मध्यरात्र, छोटं नर्सिंग होम. पण आमच्या अस्थिरोग तज्ज्ञांचं मत स्पष्ट आहे: अशा जखमेत पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक, भरपूर धुणं, ताणून टाके न घालता जखम उघडी ठेवणं, तात्पुरता बाहेरचा फिक्सेटर (हाड बाहेरून धरून ठेवणारी चौकट), आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा बघून मेलेलं काढणं. कातडीने झाकत नसेल तर आठवड्याच्या आत प्लास्टिक सर्जन. हे तिथे होणार नव्हतं तर दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवणं हा निर्णय होता. तो कुणी घेतला नाही.

माझ्या कामाच्या बाजूने बघता खरा हुकलेला टप्पा ऑगस्टचा. कड काळी पडली तेव्हा रॉड टाकलेल्या पायातून पाणी येतंय एवढ्यावरच दुसरं मत घ्यायला हवं होतं. दिवसाआड ड्रेसिंगमुळे उपचार चालू असल्यासारखं वाटत राहिलं. त्या तीन-चार महिन्यांत मधला तुकडा काही नव्याने मेला नाही, तो जुलैतच मेला होता. पण जंतू पोकळीभर पसरले आणि तासायचं हाड कदाचित ५ चं ७ सेंटीमीटर झालं. सरकवणं आणि नंतर नवीन हाड पक्कं होणं, दोन्ही धरून ते २ सेंटीमीटर म्हणजे रिंगचे जवळपास तीन महिने.

पाय काढण्याचा पर्यायही आधीच्या ठिकाणी नीट, खुर्चीवर बसवून सांगितला गेला असता तर अण्णा आमच्या खोलीतून उठून गेले नसते असं मला वाटतं. निर्णय कदाचित हाच झाला असता.

ईएसआयसीच्या अर्जासाठी आता आमच्या विभागात एक साधा नियम केला आहे. रस्ते अपघाताचा कुठलाही रुग्ण दाखल झाला की पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारायच्या: तो कामावर जात होता की येत होता, पगारातून ईएसआयसी कापतात का, आणि अपघाताची तारीख कोणती. तारखेसमोर ६ महिन्यांची मुदत लाल शाईने लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावायची.